चार महिने दहा दिवस

तीर्थरूप आत्यास,


होटगीला येऊन आज आठ दिवस झाले. घर उघडलं, माळ्यावरची धूळ काढली, अव्वाचा दगडी रांजण घासून पुन्हा भरला. पहिल्याच दिवशी तुला हुबळीला फोन करणार होते. केला नाही. का केला नाही ते तुला कळलं असेल. नसेल कळलं तर सांगते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात तू जो मेसेज पुढे पाठवलास, तो मी दोनदा वाचला. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर माझाही हात त्याला लागेल. वर तुझं नाव होतं. खाली आपल्या तीस-पस्तीस माणसांनी हात जोडले होते. आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, चाचीचा नातू ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

त्यानं काही लिहिलं नाही आत्या. भांडला नाही, खुलासा मागितला नाही. नुसता निघून गेला.

मण्यारीण चाची. आपल्या घरासमोरची. तुझ्या लग्नात कोपरापर्यंत हिरवा चुडा तिनं भरला होता. अव्वा सांगायची, तुझा हात सव्वादोनचा, पण हाड टणक, तरी एकही बांगडी पिचली नाही. साबणाचं पाणी लावून, तुझी बोटं आपल्या मुठीत मिटवून, तोंडानं काहीतरी पुटपुटत ती एकेक काकण वर चढवत गेली. आपल्या लिंगायताच्या घरात हळदीआधी मुसलमान बाईच्या हातानं चुडा भरायचा, यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ते तसंच असतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

पाच वर्षांनी काका गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढचं सगळं तुझ्याच तोंडून ऐकलेलं. तुला माहेरी आणलं. अव्वानं तुला आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसवलं आणि उंबरा ओलांडायचा नाही म्हणून सांगितलं. मंगळसूत्र गेलं, कुंकू गेलं. गळ्यात राहिलं ते इष्टलिंग. "तेवढं कुणाला काढता आलं नाही," असं तू म्हणायचीस, आणि ते म्हणताना पदराआडून त्या चांदीच्या डबीला तुझा हात लागायचा. चाची रोज दुपारी यायची. उंबऱ्याच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला बसायची. बोलायची नाही फारसं. एक दिवस तिनं अव्वाला विचारलं, ही अशी कधीपर्यंत बसणार? अव्वा म्हणाली, कधीपर्यंत म्हणजे? आणि चाची म्हणाली, "हमारे में चार महिने दस दिन. फिर उठना."

फिर उठना. हे दोन शब्द तू मला किती वेळा सांगितलेस! दुःखाला तारीख असू शकते, ती कुठल्यातरी ग्रंथात लिहिलेली असू शकते, आणि ती संपली की बाईनं उठायचं असतं, हे तुला पहिल्यांदा कळलं ते समोरच्या घरातल्या मण्यारणीकडून. तिनं आणखी एक सांगितलं होतं. पैगंबरांची पहिली बायको, खदीजा, लग्नाच्या वेळी विधवा होती. अव्वा तेव्हा दळत होती म्हणे. जातं थांबलं.

तुझी सगळी भटकंती तिथून सुरू झाली, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, आत्याला देवळं बघायची हौस आहे. तू डी.एड. झालीस, शाळेत लागलीस, आणि रविवार आला की दादाला आणि मला घेऊन निघायचीस. कधी सोलापूर, कधी गुलबर्गा, एकदा छोट्या रुळांच्या गाडीनं विजापूर. होटगी जंक्शनवर राहण्याचं हे सुख होतं. एक फाटा वाडीकडे, एक गदगकडे, आणि सोलापूर तर हाकेवर. अव्वाला सांगायचीस, मुलांना इतिहास दाखवायला नेते. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं. तू एकच प्रश्न घेऊन हिंडत होतीस. नवरा मेलेल्या बाईला तुम्ही काय सांगता?

आधी तू आपल्याच घरात विचारलंस, हे मी विसरलेले नाही. गावातल्या आपल्या बृहन्मठात जायचीस. पुराण-प्रवचनाला मागे खांबाला टेकून बसायचीस, आणि घरी येऊन आम्हाला शरणांच्या गोष्टी सांगायचीस. बाराव्या शतकात बसवण्णांनी बाईच्या गळ्यात पुरुषाइतकंच लिंग बांधलं. अक्कमहादेवी सगळं सोडून निघाली आणि अनुभवमंटपात सगळ्यांच्या समोर उभी राहून बोलली. आपल्या लोकांत विधवेच्या पुनर्विवाहाला 'उडकी' असा शब्दही होता. "शब्द आहे, मग रीत कुठं गेली?" असं तू अव्वाला विचारलंस. अव्वा म्हणाली, मोठ्या घरांत नसते ती. मठात कुणाला विचारलंस का, आणि काय उत्तर मिळालं, ते तू कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

आणि सोलापूरची गड्डा यात्रा! संक्रांत आली की आजही माझ्या डोळ्यांपुढे तेच दिवस येतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, त्या उंच सात काठ्या, सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांना घातलेला वेढा, आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता पडताना लाखभर माणसांच्या मुठी एकदम उघडतात तो क्षण. तू मला खांद्यावर घेतलं होतंस. सिद्धेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची गोष्ट तू तिथेच सांगितलीस. योगी लग्न कसं करणार? मग त्यांनी आपला योगदंड दिला आणि त्या दंडाशी तिचं लग्न लागलं. तूही अक्षता टाकल्यास. गर्दीत कुणी तुझ्या कपाळाकडे पाहिलं नाही. त्या दिवशी तू हसत होतीस.

दुसऱ्या दिवशी होम मैदानावर जायचा मी हट्ट केला आणि तू मला ओढत स्टेशनवर नेलंस. मी रडले. का नाही जायचं? सगळे जातात! तू गाडीत बसेपर्यंत बोलली नाहीस. मग सांगितलंस. बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या करतात, तिला शालू नेसवतात आणि अग्नी देतात. ती सती गेली, त्याची ती आठवण. "लग्न लावलं तेव्हा मी होते. जाळताना मी थांबणार नाही," असं म्हणालीस. सिद्धेश्वर आपलं ग्रामदैवत, सोन्नलगीचं सोलापूर ज्याच्यामुळे झालं त्याची ती यात्रा, तिच्यावर तुझी माया होती. तरीही तू होमाला एकदाही थांबली नाहीस. आपल्या माणसाला जवळून ओळखणं म्हणजे काय, हे मला त्या गाडीत कळलं. दुसऱ्याच्या घरात डोळे उघडे ठेवून बसायचं, तसंच आपल्याही घरात बसायचं.

तुझे नियम आठवतात? चप्पल काढायची. तिथल्या बायका डोकं झाकत असतील तर आपणही झाकायचं. मागे बसायचं. पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. देतील ते खायचं, कारण खाल्लं नाही तर आपण पाहुणे नाही, तपासनीस आहोत. आणि त्यांच्या रोजच्या दिवशी जायचं, फक्त सणाला नाही, कारण सणाला सगळेच चांगले दिसतात. हे तू कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतंस. चाची उंबऱ्याबाहेर जशी बसायची, तसंच बसायला तू आम्हाला शिकवत होतीस.

सोलापूरच्या मराठी चर्चमध्ये दादानं मोठ्यानं विचारलं होतं, इथं पेटी-तबला कसा काय? त्याला वाटलं होतं सगळं इंग्रजीत असणार. आणि तिथे तर भजन चाललेलं, चाल आपल्या ओळखीची. ती गाणी नारायण वामन टिळकांची, हे तू त्याला परतताना सांगितलंस, आणि आठवड्याच्या आत लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' माझ्या हातात ठेवलंस. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई त्याच्यापासून वर्षानुवर्षं दूर राहिल्या, नंतर स्वतःच्या मनानं गेल्या. "त्याच्या मागं गेली नाही बघ, स्वतः विचार करून गेली," हे तुझं वाक्य. पाळकांच्या बायकोनं आपल्याला चहा दिला. तू तिसऱ्या की चौथ्या भेटीत तुझा प्रश्न विचारलास, काहीतरी दुसरंच विचारतेयस अशा थाटात. त्यांनी बायबलमधल्या रूथची गोष्ट सांगितली. तीन बायका, तिघींचे नवरे मेलेले. त्यातली एक सून सासूला सोडून जात नाही. ती दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसं वेचते, त्यावर दोघी जगतात, आणि पुढे त्या सुनेचं लग्न सासूच जुळवते. पाळकीणबाईंनी कपाटातून पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर काढून दाखवलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, केडगावला छापलेलं, रमाबाई गेल्यानंतर १९२४ साली बाहेर आलेलं. तू त्या पानावर बोट ठेवून उभी होतीस. विधवा बाईनं विधवांच्या हातून छापून घेतलेलं पुस्तक, असं त्या म्हणाल्या. त्या वेळी मला फक्त चहातल्या बिस्किटाचं पडलं होतं.

जैनांच्या मंदिरात आपण दशलक्षणात जायचो. मूर्ती कशी उभी आहे, अंगावर धागा नाही, आणि तरी लाज वाटत नाही, हे मी तुझ्या कानात सांगितलं होतं. तू म्हणालीस, हे मोठ्यानं सांग, त्यांनाही आवडेल. सुमतीबाई शहांचा श्राविकाश्रम, जीवराज ग्रंथमालेतले ते जाडजूड प्राकृत ग्रंथ, हे सगळं सोलापुरातच असून आपल्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. तिथल्या एका बाईंनी राजुलची गोष्ट सांगितली. नेमिनाथ वरातीतून परत फिरले, कारण जेवणावळीसाठी कोंडलेली जनावरं त्यांनी पाहिली. राजुल मांडवात तशीच राहिली, आणि मग तिनंही दीक्षा घेतली. तू विचारलंस, रडली का ती? त्या बाई म्हणाल्या, रडली असणार. एवढंच. तुला ते उत्तर फार आवडलं होतं.

मशिदीत तुला जाता आलं नाही. आपल्या भागात बायका जात नाहीत. तू दादाला चाचीच्या मुलाबरोबर आत पाठवलंस आणि मला घेऊन पायरीखाली थांबलीस. तो बाहेर आला तेव्हा पहिला प्रश्न, काय पाहिलंस? दादा म्हणाला, "काहीच नाही. आत काहीच नाही." त्याचा हिरमोड झाला होता. मूर्ती नाही, फोटो नाही, एका भिंतीत नुसता कोनाडा. तू मात्र परतीच्या वाटेवर अल्लमप्रभूंबद्दल बोलत राहिलीस. अनुभवमंटपातलं त्यांचं आसन, त्याला शून्यसिंहासन म्हणतात ते. "आपल्याकडं एवढ्या मोठ्या माणसाला शून्यावर बसवलं, आणि त्यांनी भिंत रिकामी ठेवली." दोन्ही एकच आहे, असं तू म्हणाली नाहीस. मीच म्हणाले. तू म्हणालीस, "एक नाही. जवळ बसून बघ, फरक दिसेल."

तुला 'सगळे धर्म सारखेच' हे वाक्य सहन व्हायचं नाही. सहावीत मी निबंधाच्या शेवटी तेच लिहिलं होतं. तू माझी आत्या असलीस तरी वर्गात बाई होतीस. त्या ओळीखाली लाल रेघ मारून तू लिहिलंस, 'कशावरून?' मी घरी येऊन रागावले. शाळेच्या भिंतीवर तर तेच रंगवलंय! मग तू मला समजावलंस. सारखे आहेत म्हटलं की जायलाच नको. एक बघितला की सगळे बघून झाले. चाचीच्या घरात जे आहे ते आपल्या घरात नाही, म्हणून तर आपण तिच्याकडं जातो. सारखं असतं तर चार महिने दहा दिवस मला अव्वानंच सांगितले नसते का?

हे तुझं वाक्य मी आयुष्यभर वापरलं. पुण्यात, नोकरीत, मुलीला वाढवताना, वादात. तुझं नाव न घेता वापरलं. म्हणून तो मेसेज पाहिला तेव्हा आधी वाटलं, कुणीतरी तुझा फोन घेतला असेल. मग तुझ्या नातवाला विचारलं. तो म्हणाला, आज्जी दिवसभर फोनच बघत असते, काय करणार, गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही.

तेव्हा मला कळलं, आणि रागाच्या जागी काहीतरी दुसरंच आलं. तू कुणाकडे गेलीच नाहीस ना, किती वर्षं झाली? हुबळीला त्या चौथ्या मजल्यावर तू बसलेली. समोर उंबरा नाही, गल्ली नाही, दुपारी येऊन बसणारी कुणी नाही. फोन आहे, आणि फोन सांगतो ते लोक कसे आहेत. चप्पल न काढता, मागे न बसता, कुणाच्या हातचं काही न खाता सगळं कळतं. तुला पुन्हा कोपऱ्यात बसवलंय आत्या. या वेळी अव्वानं नाही. आणि या वेळी चाची उंबऱ्यापाशी येऊ शकत नाही. तिनं आलं पाहिजे अशी अपेक्षाही कशी करायची, तू ते पाठवल्यावर?

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या मनात मेसेजच्या कितीतरी आधीपासून आहे आणि मी ती तुला कधी बोलले नाही.

आपण गुलबर्ग्याला बंदे नवाजांच्या दर्ग्यात गेलो, त्याच दिवशी शरणबसवेश्वरांच्या गुडीत गेलो. विजापूरला गेलो. चर्चला गेलो. पण आपल्या गावातल्या विहारात तू एकदाही गेली नाहीस. घरापासून किती लांब होता तो? दोन गल्ल्या आणि एक वळण. तिथली मुलं तुझ्या वर्गात होती. तू त्यांना वेगळं वागवलं नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. फी तू भरलीस, वह्या तू दिल्यास. पण बुद्धपौर्णिमेला त्या मुली पांढरी साडी नेसलेल्या आयांबरोबर तुला बोलवायला यायच्या, आणि तू म्हणायचीस, येते हं, पुढच्या वेळी. अव्वाला काय वाटेल, एवढं एकच कारण होतं. चाचीच्या घरचे मोहरमचे चोंगे अव्वाला चालायचे, विहारातली खीर चालली नसती. तू हे जाणत होतीस. आणि त्या एका ठिकाणी तू अव्वाला उलट विचारलं नाहीस.

मी गेले. तू हुबळीला गेल्यानंतर, पावसाळ्यात. वर्षावास चालू होता. आषाढीच्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत तिथे रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं. मेणबत्ती, उदबत्ती, फुलं, पाली त्रिसरण. मग एक मुलगी पुस्तक घेऊन बसली आणि बायका सतरंजीवर मांडी घालून ऐकू लागल्या. मी मागे बसले, तुझ्या नियमाप्रमाणे. संपल्यावर एका म्हातारीनं विचारलं, कुणाची गं तू? सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "बाईंची भाची! बाईंनी आमच्या पोरीला दहावीपर्यंत ओढत नेलं." आणि मग, तक्रारीच्या नाही, साध्या सुरात म्हणाली, "बोलवायचो आम्ही. आल्या नाहीत कधी."

मी काय उत्तर देणार होते?

तिथे मी तुझा प्रश्न विचारला. तुझ्यासाठीच विचारला. म्हातारीनं आधी किसा गौतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं मूल कवटाळून हिंडणारी ती आई, आणि ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातली मूठभर मोहरी आण म्हणून तिला पाठवणारे बुद्ध. दारोदार फिरताना तिला कळतं, असं घर नाही. मग ती वाचणारी मुलगी बोलली. ती वकिली शिकत होती. "ताई, विधवेला काय सांगता असं विचारता ना? बाबासाहेबांनी सांगितलं नाही, लिहून दिलं." हिंदू कोड बिल अडलं म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्यातला. नवरा गेला की त्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा, आणि तो वाटा तिच्या पोटापुरता नाही, पूर्ण तिच्या मालकीचा. तो कायदा कुणाला लागू, हेही तिनं सांगितलं. त्यात वीरशैव आणि लिंगायत असं नाव घेऊन लिहिलंय. बौद्ध आहेत, जैन आहेत.

आत्या, सासरच्या शेतातला तुझा वाटा! तुझ्या दिरानं तीन वर्षं खेटे घालायला लावले, तरी शेवटी सातबाऱ्यावर तुझं नाव चढलं. त्याच पैशावर तू डी.एड. केलंस. त्याच पैशातून आमची रविवारची तिकिटं निघाली. तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात पक्कं, कागदावरचं उत्तर दोन गल्ल्यांपलीकडे होतं. ज्या माणसाच्या तसबिरीपुढे त्या बायका मेणबत्ती लावत होत्या, त्यानं भांडून ठेवलेल्या कायद्यावर तू उभी राहिलीस. आणि तू तिथेच तेवढी गेली नाहीस. मला हे कळलं तेव्हा मी विहाराबाहेर कितीतरी वेळ उभी होते. तुझा राग आला होता. तुझी दयाही आली होती, आणि दया आल्याचं वाईट वाटलं.

हे सगळं मी तुला दुखवायला लिहीत नाही. तू नसतीस तर मी त्या सतरंजीवर बसले नसते. मागे बसायचं, पहिल्या दिवशी विचारायचं नाही, देतील ते खायचं, हे तूच तर शिकवलंस. मी तुझ्याच वाटेनं तुझ्याहून दोन गल्ल्या पुढे गेले, इतकंच. रागावलीस तरी चालेल. पण 'माझं आता वय झालं' असं म्हणू नकोस. चाचीचं तुझ्याहून जास्त झालंय.

काल तिच्याकडे गेले होते. ऐकू कमी येतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत. दुकान आता नातू बघतो. तोच, ग्रुपमधून बाहेर पडलेला. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पुण्याची चौकशी केली. तुझं नाव त्यानं काढलं नाही. मीच चाचीच्या कानाशी जाऊन म्हटलं, आत्या हुबळीला बरी आहे. तिला नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिनं हात पुढे केला, माझी बोटं आपल्या मुठीत मिटवली, दाबून बघितली आणि म्हणाली, "ये उसका हाथ नहीं. उसका सव्वादोन." मग नातवाकडे वळून विचारलं, उसकी चूड़ियां रखी क्या?

नातू काचेच्या कपाटाकडे वळला. त्यानं डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत एक डझन साध्या काचेच्या बांगड्या होत्या, पिवळट पडलेल्या कागदात गुंडाळलेल्या. तू शाळेत लागलीस तेव्हा चाचीनं तुझ्यासाठी काढून ठेवल्या होत्या म्हणे, आणि तू अव्वाच्या भीतीनं घातल्या नव्हत्यास. मला हे माहीत नव्हतं. तुला आठवतं का?

मी त्या आणल्या नाहीत. त्या तुझ्या हातात तिनंच चढवायच्या आहेत.

संक्रांतीला ये. अक्षतेला जाऊ. होमाला नको, होमाच्या दिवशी परत येऊ, नेहमीसारखं. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, मी हुबळीला न्यायला येते, गाडी थेट होटगीत थांबते. विहारातल्या म्हातारीला मी सांगून ठेवलंय, बाई येणार आहेत. ती म्हणाली, येऊ द्या की. आणि चाचीच्या नातवाशी तू बोल. मी मध्ये पडणार नाही. ग्रुपवर काही लिहू नकोस, त्याला फोन करू नकोस. त्याच्यासमोर बस आणि जे सांगायचं ते सांग.

दुकान सकाळी दहाला उघडतं. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी तासभर बंद असतं, तेव्हा आपण पायरीवर थांबू.

तुझी भाची
होटगी